तसबीर, सुविचार आणि इतिहास : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे रसग्रहण

प्रस्तावना

थोर पुरुषांची ओळख आपल्याला सामान्यतः तीन मार्गांनी होते : भिंतीवरील तसबीर, फळ्यावरील सुविचार आणि पाठ्यपुस्तकातील धडा. यांपैकी पहिले दोन मार्ग मनात चटकन शिरतात व दीर्घकाळ टिकतात. तिसरा बहुधा परीक्षेबरोबर संपतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांबाबत हे विशेषत्वाने जाणवते. राजा नाकारून उभ्या राहिलेल्या त्या प्रजासत्ताकाला आदरस्थाने हवी होती, आणि ती गरज राष्ट्राध्यक्षांची चित्रे, पुतळे व वचने यांनी मोठ्या प्रमाणावर भागविली.

महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला याचे एक उदाहरण अतिपरिचित आहे. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिले म्हणून सांगितले जाणारे पत्र, वसंत बापट यांच्या नावे प्रचलित असलेल्या मराठी अनुवादाच्या रूपाने, असंख्य शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर आढळते. प्रस्तुत लेखकाच्या विभागातही ते चौकटीत लावलेले आहे. एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी त्या पत्राची तारीख विचारली आणि उत्तर देता आले नाही. रॉय बॅस्लर यांनी संपादित केलेल्या व १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंकन यांच्या समग्र लेखनाच्या आठ खंडांत हे पत्र नाही. ते लिंकन यांनी लिहिल्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखाचा उगम या प्रसंगात आहे. वॉशिंग्टन, जेफरसन व लिंकन या तीन राष्ट्राध्यक्षांशी निगडित काही कलाकृती व वचने घेऊन त्यांचे रसग्रहण कसे करावे, आणि इतिहासाची त्यात भूमिका कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. वॉशिंग्टन : चित्रातील राष्ट्रपिता

गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पूर्णाकृती चित्र ‘लॅन्सडाउन’ चित्र या नावाने ओळखले जाते. ते आज वॉशिंग्टन येथील नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. या चित्राची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. युरोपातील राजांच्या चित्रांतील भव्य स्तंभ, जड पडदे व पुढे केलेला हात येथेही आहेत. परंतु अंगावर राजवस्त्रे नसून साधा काळा पोशाख आहे आणि डोक्यावर मुकुट नाही. राजचित्राची भाषा वापरून राजा नसलेल्या पुरुषाचे चित्र काढण्याची ही युक्ती कलादृष्ट्या विलक्षण म्हणावी लागेल.

याच चित्राची एक प्रतिकृती व्हाइट हाउसमध्ये आहे. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिश सैन्याने ती वास्तू जाळली, त्यापूर्वी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्या पत्नी डॉली यांनी हे चित्र स्वतः वाचविले, अशी आख्यायिका रूढ झाली. मॅडिसन यांच्या घरी गुलाम असलेले पॉल जेनिंग्ज त्या दिवशी तेथे उपस्थित होते. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी स्पष्ट सांगितले की, चित्र प्रत्यक्षात खाली उतरविले ते द्वारपाल व माळी यांनी. डॉली मॅडिसन यांनी चित्र वाचविण्याचा आदेश दिला असेलही. परंतु शिडीवर चढणारे हात आख्यायिकेतून गळाले, आणि ते नोंदवून ठेवण्याचे काम एका गुलामीत वाढलेल्या माणसाने केले, ही बाब लक्षणीय आहे.

वॉशिंग्टन यांच्या सत्यवादित्वाची चेरीच्या झाडाची गोष्ट तर आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते. बालक जॉर्जने कुऱ्हाडीने झाड तोडले, आणि वडिलांनी विचारताच आपल्याच्याने खोटे बोलवत नाही असे म्हणून कबुली दिली. ही कथा मेसन वीम्स या धर्मोपदेशकाने वॉशिंग्टन यांच्या चरित्राच्या १८०६ सालच्या आवृत्तीत प्रथम छापली. वॉशिंग्टन यांचा मृत्यू १७९९ मध्ये झाला होता, आणि कथेला दुसरा कोणताही स्वतंत्र आधार नाही. असत्य न बोलण्याचा हा धडा असा स्वतःच रचित ठरतो.

ग्रँट वुड यांनी १९३९ मध्ये याच विषयावर काढलेले चित्र टीकेचा उत्तम नमुना आहे. चित्राच्या पुढच्या बाजूस स्वतः वीम्स उभे राहून नाट्यगृहातील पडदा बाजूला सारत आहेत. पडद्यामागे लाल कोटातील पिता आणि कुऱ्हाड घेतलेला बालक दिसतो. मात्र बालकाच्या धडावर स्टुअर्टच्या चित्रातील, डॉलरच्या नोटेवरील, वृद्ध वॉशिंग्टन यांचे मस्तक बसविलेले आहे. कथा कशी घडविली जाते हे चित्रकाराने हसत हसत दाखविले आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पार्श्वभूमीत आहे. तेथे दुसऱ्या एका झाडाखाली दोन कृष्णवर्णीय माणसे चेरी तोडत आहेत. कथेत त्यांना स्थान नाही. चित्रात मात्र ती आहेत.

त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासाला विचारावा लागतो. मृत्यूसमयी वॉशिंग्टन यांच्या मालमत्तेवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांची मुक्तता करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. उरलेल्यांपैकी बहुतेकांवर पत्नीच्या पूर्वपतीच्या वारसांचा हक्क असल्याने त्यांना मुक्त करणे त्यांच्या हाती नव्हते. आयुष्यभर गुलामांच्या श्रमावर जगलेल्या आणि अखेरीस ती व्यवस्था आपल्यापुरती मोडू पाहणाऱ्या माणसाचे हे मृत्युपत्र चेरीच्या गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करते आणि म्हणूनच अधिक शिकविते.

२. जेफरसन : छाटलेले वचन

रचलेल्या वचनापेक्षा छाटलेले वचन ओळखणे अवघड असते, कारण त्यातील प्रत्येक शब्द खरा असतो. वॉशिंग्टन शहरातील जेफरसन स्मारकाचे लोकार्पण १३ एप्रिल १९४३ रोजी झाले. स्मारकाच्या आतील भिंतींवर थॉमस जेफरसन यांची वचने कोरलेली आहेत. त्यांपैकी एका फलकावर त्यांच्या निरनिराळ्या लेखनातील वाक्ये एकत्र जोडली आहेत. गुलामीत असलेले हे लोक स्वतंत्र होणार ही गोष्ट विधिलिखित आहे, अशा आशयाचे वाक्य तेथे वाचावयास मिळते आणि वाचक भारावून जातो.

हे वाक्य जेफरसन यांच्या आत्मचरित्रपर टिपणांतील आहे. मूळ लेखनात मात्र विचार तेथे थांबत नाही. लगेच पुढील वाक्यात ते म्हणतात की, हे दोन वंश सारखेच स्वतंत्र असताना एका शासनाखाली राहू शकणार नाहीत, हेही तितकेच निश्चित आहे. दगडावर पहिले वाक्य आले, दुसरे वगळले गेले. ज्यांनी १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे लिहिले, त्यांनी आयुष्यात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. हा अंतर्विरोध लपविण्याने जेफरसन यांचा सन्मान होत नाही. उलट, आपल्या काळाच्या व स्वार्थाच्या कुंपणात अडकलेल्या लेखकाच्या हातून त्या कुंपणाबाहेरचे वाक्य कसे लिहिले गेले, हा खरा अभ्यासाचा विषय वाचकापासून हिरावला जातो.

३. लिंकन : संदर्भ, चित्र आणि शिल्प

वचन पूर्ण व अस्सल असूनही ते संदर्भाविना फसवू शकते. २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिंकन यांनी संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेले जाहीर पत्र हे त्याचे उदाहरण होय. आपले मुख्य उद्दिष्ट संघराज्य वाचविणे हे असून, एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर तसे करू, सर्वांना मुक्त करून साधत असेल तर तसे करू, असा त्या पत्राचा आशय आहे. लिंकन यांना गुलामीविषयी आस्था नव्हती हे सिद्ध करण्यासाठी हे पत्र वारंवार पुढे केले जाते. तथापि पत्राच्या अखेरीस त्यांनी ही आपली पदाच्या कर्तव्याविषयीची भूमिका असल्याचे सांगून, सर्वत्र सर्व माणसे स्वतंत्र असावीत ही वैयक्तिक इच्छा बदललेली नसल्याचेही नमूद केले आहे. शिवाय हे पत्र लिहिण्यापूर्वी बरोबर एक महिना, २२ जुलै १८६२ रोजी, त्यांनी मुक्तिघोषणेचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखविला होता. लष्करी विजयापर्यंत थांबावे, हा सल्ला मानून तो बाजूला ठेवला होता, इतकेच. हे ज्ञात झाल्यावर तेच पत्र वेगळे वाचले जाते. ते उदासीन माणसाचे उद्गार न राहता, एका निर्णयासाठी जनमत सिद्ध करणाऱ्या मुत्सद्द्याचे लेखन ठरते.

मसुदा वाचनाचा हाच प्रसंग फ्रान्सिस बिकनेल कार्पेंटर यांनी १८६४ मध्ये चितारला. त्यासाठी ते सुमारे सहा महिने व्हाइट हाउसमध्ये काम करीत होते. भव्य आकाराच्या या चित्रात लिंकन व मंत्रिमंडळातील सात सदस्य, असे एकूण आठ पुरुष आहेत. ज्यांच्या मुक्तीचा निर्णय होत आहे त्यांच्यापैकी कोणीही तेथे नाही. मात्र उजव्या कोपऱ्यात खाली एक नकाशा टेकवून ठेवलेला दिसतो. दक्षिणेकडील राज्यांत गुलामांची लोकसंख्या किती दाट आहे, हे गडद-फिक्या छटांनी दाखविणारा तो नकाशा आहे. चाळीस लाखांच्या आसपास माणसे या चित्रात केवळ छटेच्या रूपाने उपस्थित आहेत. ऐतिहासिकदृष्ट्या चित्र अचूक आहे, कारण त्या दालनात खरोखरच तेवढेच लोक होते. तरीही मुक्ती म्हणजे आठ पुरुषांनी केलेले दान, असा जो ठसा त्याने उमटतो, तो अपुरा आहे.

टॉमस बॉल यांच्या शिल्पात हा ठसा अधिक ठळक होतो. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये अनावरण झालेल्या या स्मारकात लिंकन उभे असून त्यांच्यासमोर शृंखला तुटलेला कृष्णवर्णीय पुरुष गुडघ्यावर आहे. स्मारकाचा निधी मुख्यतः मुक्त झालेल्या गुलामांनी जमविला. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या मुक्त स्त्रीने दिले. शिल्पाच्या रूपाविषयी मात्र त्यांना कोणी विचारले नाही. गुडघ्यावरील आकृतीचा चेहरा आर्चर अलेक्झांडर यांच्या छायाचित्रावरून घेतला होता, आणि अलेक्झांडर स्वतः मालकाकडून पळून जाऊन स्वतंत्र झाले होते.

अनावरणाचे भाषण पूर्वाश्रमीचे गुलाम व थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या उपस्थितीत त्यांनी सांगितले की, लिंकन हे प्रथमतः गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते; मुक्तिवाद्यांच्या दृष्टीने ते संथ व थंड वाटत, परंतु एका राजनेत्याला ज्या देशबांधवांच्या भावनांची दखल घ्यावी लागते त्यांच्या मापाने ते वेगवान व दृढनिश्चयी होते. काही दिवसांनी एका वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कृष्णवर्णीय माणूस गुडघ्यावर नव्हे, तर स्वतःच्या पायांवर ताठ उभा असलेला पाहण्याची इच्छा व्यक्त केली. हे पत्र २०२० मध्ये अभ्यासकांच्या पुन्हा नजरेस आले; त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथील याच शिल्पाची प्रतिकृती हटविण्यात आली. डग्लस यांचे भाषण हा रसग्रहणाचा आदर्श मानावा लागेल. त्यात कृतज्ञता आहे, पण स्तुतिपाठ नाही. दोष दाखविले आहेत, पण अवमान नाही.

निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल की चित्र, शिल्प व वचन यांतून राष्ट्राध्यक्षाइतकीच त्याच्या भक्तांची गरज व्यक्त होत असते. प्रत्येक ठिकाणी जे वगळले गेले त्यात एक सूत्र आहे : चित्र उतरविणारे हात, चेरी तोडणारी माणसे, कोरण्यात न आलेले वाक्य, नकाशावरील छटा, गुडघ्यावर बसविलेला पळून सुटलेला माणूस. रसग्रहणाने या वगळलेल्यांना पुन्हा चौकटीत आणले पाहिजे.

या संदर्भात महाराष्ट्राचा एक दाखला विसरता येत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो कोणा राष्ट्राध्यक्षाला नव्हे, तर गुलामी नष्ट करण्याच्या कार्यात निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. एका पुरुषाच्या पुतळ्याऐवजी एका चळवळीला वंदन करण्याची ही दृष्टी बॉल यांच्या शिल्पापेक्षा तीन वर्षे आधीची आहे.

मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्राबाबत कोणी म्हणेल की, त्यातील मूल्ये चांगली आहेत; मग सही कोणाची का असेना. मूल्यांविषयी वाद नाही, आणि अनुवादाचे वाङ्मयीन गुणही मान्य आहेत. परंतु प्रामाणिकपणाचा पाठ असिद्ध नावावर देणे शिक्षकाला शोभत नाही. शिवाय त्यामुळे अस्सल लिंकन दुरावतात. ४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात युद्ध जिंकत आलेला हा नेता विजयाचा दर्प न धरता गुलामीच्या पापाचा वाटा उत्तर व दक्षिण या दोघांवरही ठेवतो. सुमारे सातशे शब्दांचे ते भाषण एका तासिकेत वाचून होते.

आमच्या विभागातील पत्र आम्ही काढलेले नाही. ‘लिंकन यांच्या नावे प्रचलित, लेखक अज्ञात’ अशी ओळ त्या विद्यार्थिनीच्या अक्षरात चौकटीखाली लावली आहे, आणि शेजारी त्या भाषणाची प्रत आहे.