खिडक्यांची मांडणी कोणी ठरवावी?

समजा, उचगावच्या एखाद्या शाळेत बाके शाळा पुरवते. ती कशी मांडायची हे मात्र वर्गशिक्षक ठरवतात. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जन्मलेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीचे तत्त्व हेच होते. पडद्यावर खिडकी उमटवण्याची सोय प्रणालीची. खिडकीची चौकट, जागा व हालचाल ‘विंडो मॅनेजर’ या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे. त्यामुळे वर्कस्टेशनवर मांडणी हवी तशी बदलता येई. हे स्वातंत्र्य आम्हाला मोलाचे वाटते. पण यंत्र बदलले की माऊसच्या बटणांची कामेही बदलत आणि नवशिक्याची तारांबळ उडे. अखेर १९९३ साली सन, एचपी, आयबीएम आदी कंपन्यांना समाईक डेस्कटॉपसाठी एकत्र यावे लागले. आमच्या मते दोष स्वातंत्र्याचा नव्हता. सर्वांना ओळखीची अशी सुरुवातीची मांडणी नव्हती, हा होता. बाके पुढे जरूर हलवावीत. पहिल्या दिवशी मात्र ती मांडलेली असावीत.