राणीला वेळ नव्हता

राजघराण्यातल्या बहिणी आणि जादू म्हटले की आजच्या मुलांना २०१३ चा ‘फ्रोझन’ आठवतो. श्रावणातल्या रविवारी आमच्या सोलापुरातही वाचली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी अशाच दोन बहिणींची आहे. एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप भेटीला येतो. राजा पारधीला निघायचा आहे म्हणून राणी त्याची कहाणी ऐकत नाही आणि दारिद्र्यात पडते. मावशी भाच्यांना कोहळ्यात, काठीत मोहरा भरून देते. सूर्यनारायण वाटेतच त्या काढून घेतो.

एल्साची जादू तिच्या हातांत आहे आणि बहिणीच्या प्रेमाने ती आवरते. इथे जादू कानांत आहे. नुसती बहिणीची माया पुरत नाही. व्रताचा महिमा म्हणून ही शिक्षा सांगितली जाते. मला तीत अन्याय दिसतो, कारण राणी नवऱ्याच्या जेवणाच्या गडबडीत होती. पण कहाणी तिथे थांबत नाही. बहीण तिला श्रावणापर्यंत ठेवून घेते, वसा करवते. परतीच्या वाटेवर तीच राणी उपाशी माणसे शोधून कहाणी सांगते. न ऐकणारीच सांगणारी होते. बायकांच्या तोंडी ही परंपरा कशी टिकली, ते या वळणावर कळते.