आधी गौरव, मग शांती

डिसेंबर लागला की इथल्या कोणत्याही दुकानात शुभेच्छापत्रांची फळी भरून जाते. एक कबुतर, पाइनची एक फांदी, आणि खाली पृथ्वीवर शांती नांदावी अशा अर्थाची ओळ. आपणही ती कार्डं घेतो. मुलांच्या शिक्षकांना देतो, शेजारी देतो, ऑफिसात वाटतो. त्या ओळीत कुणाला खटकण्यासारखं काही नसतं, म्हणूनच ती तिथे असते. पण ती ओळ अर्धी आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमजवळच्या रानात मेंढपाळांना देवदूत दिसतात, आणि त्यांच्या गाण्याला दोन अंगं आहेत. आधी वर, स्वर्गात, देवाचा गौरव. मग खाली, पृथ्वीवर, शांती. कार्ड छापणाऱ्यांनी दुसरं अंग ठेवलं आणि पहिलं कापलं.

कारण कळण्यासारखं आहे. शांती सगळ्यांनाच हवी असते. ‘देवाचा गौरव’ म्हटलं की कुठला देव, गौरव कशासाठी, आणि मी का करायचा, असे प्रश्न लगेच उभे राहतात. मी स्वतः ख्रिस्ती नाही. बॉस्टनमध्ये पोस्टडॉक करते, आणि माझ्या कामाचा धर्माशी दुरूनही संबंध नाही. तरीही मला वाटतं की पहिलं अंग कापलं की दुसऱ्याचा अर्थ बदलतो. हे मी तुम्हाला एका संगीतकृतीच्या आधारे सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण ती ऐकायला कधी ना कधी गेले असतील, निदान मुलाच्या शाळेतल्या कॉयरच्या निमित्ताने तरी: हँडेलचा ‘मेसाया’.

हँडेलने हा ऑरेटोरिओ १७४१ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनमध्ये चोवीस दिवसांत लिहिला. पहिला प्रयोग झाला १३ एप्रिल १७४२ ला, डब्लिनमध्ये. म्हणजे ईस्टरच्या आधी. नाताळशी त्याचा संबंध नंतर जुळला. शब्द हँडेलचे नाहीत. चार्ल्स जेनन्स नावाच्या श्रीमंत आणि बराच हट्टी असलेल्या गृहस्थाने बायबलमधली वचनं निवडून त्यांची माळ केली. आणि ही निवड बघण्यासारखी आहे, कारण जेनन्सच्या नाताळात गव्हाणी नाही. मरिया नाही, योसेफ नाही, पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष नाहीत. बाळ जन्मल्याची वार्ता आहे, पण तीही आधी यशया संदेष्ट्याच्या तोंडून, भाकीत म्हणून. घडलेली गोष्ट म्हणून जी सांगितली आहे ती फक्त मेंढपाळांची: रान, रात्र, भीती, देवदूत आणि त्यांचं गाणं. जन्माचा सगळा प्रसंग जेनन्सने गौरवगानातून सांगितला आहे. शाळेच्या नाटकात ज्याच्यावर सगळा भर असतो, तो पाळणाच इथे दिसत नाही.

हँडेलने याचं काय केलं ते ऐका. पहिल्या भागात इतका वेळ ट्रम्पेट वाजलेलेच नाहीत. ते पहिल्यांदा येतात देवदूतांच्या कोरसमध्ये. आणि हँडेलची सूचना आहे की त्यांनी दुरून आणि जरा हळू वाजवावं. कोरस सुरू होतो तेव्हा सोप्रानो, आल्टो आणि टेनर गातात. बास गप्प असतात. गौरवाची ओळ अशी पायाविना, हवेत तरंगते. मग शांतीची ओळ येते आणि आवाज एकदम खाली उतरतो: टेनर आणि बास, खर्जाकडे, जवळजवळ एका सुरात, संथ. वर आणि खाली हा लूकच्या वाक्यातला भेद हँडेलने स्वरांच्या उंचीतच मांडला. ही युक्ती साधी आहे, लहान मुलालाही कळेल अशी, पण तिच्यामुळे एक गोष्ट कानाला पटते. खालचा सूर खालचा वाटतो, कारण आधी वरचा ऐकलेला असतो. नुसती शांतीची ओळ गायली असती तर ते फक्त जाड आवाजातलं एक वाक्य झालं असतं.

मात्र जेनन्सने एक गोष्ट गाळली, आणि ती मला खटकते. लूकची गोष्ट मेंढपाळांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते सम्राट ऑगस्टसपासून. त्याचा हुकूम निघतो, साम्राज्यातल्या लोकांची नोंद होते, म्हणून योसेफ आणि गरोदर मरिया प्रवासाला निघतात. हा नुसता तपशील नव्हे. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने या प्राचीन शहरात एक शिलालेख सापडला आहे, इसवी सनपूर्व ९ चा. त्यात आशिया प्रांताच्या सभेने ऑगस्टसच्या वाढदिवसापासून नवं वर्ष मोजायचं ठरवलं. ऑगस्टस तारणारा आहे, आणि या देवाचा जन्मदिवस जगासाठी सुवार्तेचा आरंभ आहे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी रोममध्ये ऑगस्टसने आणलेल्या शांतीच्या नावाने उभारलेली वेदी अर्पण झाली. ती आजही बघता येते. जन्म, सुवार्ता, तारणारा, शांती: लूकच्या देवदूतांचे हे शब्द आधीच सरकारी वापरात होते. त्या व्यवस्थेत शांती सम्राट देत होता आणि गौरव त्याला जात होता. देवदूतांनी शांतीच्या आधी गौरवाचा पत्ता बदलला. जेनन्सला विलायतेतल्या राजाच्या राज्यात हा कंगोरा नको होता की त्याला तो दिसलाच नाही, कोण जाणे. कार्डवाल्यांप्रमाणे त्यानेही गैरसोयीची बाजू कापली, इतकंच. त्यांनी देव कापला, याने सम्राट.

आता ‘गौरव’ या शब्दाकडे येऊ, कारण इथे मराठी वाचकाच्या हाती काही जास्तीचं लागतं. जुन्या करारात यासाठी हिब्रू शब्द आहे ‘काव्होद’. त्याच्या धातूचा अर्थ जड असणं, वजनदार असणं. ग्रीकमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ‘डॉक्सा’ घेतला, ज्याचा जुना अर्थ मत, लौकिक असा होता. इंग्रजी ‘ग्लोरी’मध्ये तर झगमगाट ऐकू येतो, ढगांतून पडलेले सोनेरी किरण वगैरे. मराठी बायबलने ‘गौरव’ घेतला, आणि गौरव येतो ‘गुरु’पासून. गुरु म्हणजे जड. तोच शब्द गुरुत्वाकर्षणातला. म्हणजे इंग्रजीत जे हरवलं ते मराठीत अनायासे परत आलं. देवाचा गौरव करणं म्हणजे आपल्या आयुष्याच्या तराजूत सर्वांत जड पारडं कुठलं ते कबूल करणं.

आपणच हा शब्द हलका केला आहे, हेही खरं. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत गौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि चुकीच्या उच्चारांत वाचलेलं मानपत्र. दहावीच्या मुलांचा गुणगौरव, प्रायोजकांचा गौरव, कार्यकर्त्यांचा गौरव, आणि शेवटी वेळ संपल्यामुळे गायकाचं एक गाणं कमी.

तर मग देवाला ही शाल कशाला हवी? हा प्रश्न गंभीर आहे, आणि ख्रिस्ती परंपरेत तो श्रद्धावंतांनीही विचारला आहे. सी. एस. लुईसने १९५८ साली स्तोत्रसंहितेवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो मोकळेपणाने सांगतो की सतत स्तुती मागणारा देव त्याला सुरुवातीला अडचणीचा वाटे. त्याला पुढे सापडलेलं उत्तर असं: माणसाला जे मनापासून आवडतं त्याची तो आपोआप स्तुती करतो, आणि ती केल्याशिवाय आनंद पुरा होत नाही. मैफिलीला बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सम अशी काही येते की तोंडून ‘वा’ निघून जातं. ते दाबून धरलं तर ऐकणंच अर्धं राहतं. दाद गायकाचा सूर सुधारण्यासाठी नसते.

तरी मला लुईसचं उत्तर पुरं वाटत नाही. दादीत शेवटी माझा आनंद असतो. लूकचे मेंढपाळ आधी आनंदले नाहीत, ते घाबरले. वजन अंगावर आलं की पहिल्यांदा तसंच होतं. मला आरतीचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. गाभाऱ्यात अंधार असतो. निरांजन ओवाळल्याने मूर्तीला उजेड मिळत नाही, उभ्या असलेल्या माणसाला मूर्ती दिसते. ख्रिस्ती अर्थानेही गौरव ‘देणं’ म्हणजे देवात भर घालणं नाही. ‘मेसाया’तला अगदी पहिला कोरस परमेश्वराचा गौरव प्रकट होईल असं सांगतो; देवदूतांच्या कोरसमध्ये तो गायला जातो. आधी तो दिसतो, मग ओठांवर येतो. नाताळच्या बाबतीत ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं आणखी धाडसाचं आहे: हे सगळं वजन एका गरीब घरच्या तान्ह्या मुलात उतरलं. ते पटो न पटो, पण हे म्हणणं बाजूला ठेवलं तर नाताळ हा थंडीच्या दिवसांतला एक सुखाचा कौटुंबिक सण उरतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला देवदूतांची गरज नाही.

मराठीत ही गोष्ट पहिल्यांदा सविस्तर सांगणारा माणूस इंग्रज होता हे परदेशी राहणाऱ्या आपल्याला मौजेचं वाटावं. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आला. त्याचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं, आणि त्याचं देवनागरी हस्तलिखित आज लंडनमध्ये सोआसच्या संग्रहात आहे. त्याने सुरुवात केली ती आपल्या पुराणांच्या रिवाजाप्रमाणे नमनाने. आधी नमन, मग कथा हा क्रम त्याला मराठीतून तयार मिळाला.

बॉस्टनमध्ये राहून या विषयावर लिहायचं तर प्युरिटनांना टाळून चालणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. हे लोक नास्तिक नव्हते. माणसाचं मुख्य प्रयोजन देवाचा गौरव करणं हेच, असं ते मुलांना पाठ करायला लावत. त्यांचा आक्षेप असा की या सणाला बायबलात आधार नाही आणि त्यात गौरव होतो तो खाण्यापिण्याचा. हसू येतं, पण आजच्या मॉलमध्ये तासभर काढून या. त्यांचं निदान अगदीच चुकलं होतं असं म्हणवणार नाही. चुकला तो उपाय. त्याच शहरात २५ डिसेंबर १८१८ ला हँडेल अँड हायडन सोसायटीने संपूर्ण ‘मेसाया’ अमेरिकेत पहिल्यांदा गायला. दंडाने जे साधलं नाही त्यासाठी दुसरी वाट सापडली असावी.

एक प्रामाणिक हरकत उरते. देवाच्या गौरवात माणसं गुंतली की शेजारचा उपाशी माणूस विसरतात, आणि म्हणून डिकन्सचा नाताळ बरा, असं पुष्कळांना वाटतं. १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये कंजूष स्क्रूज बदलतो, पगार वाढवतो, मोठा टर्की पाठवतो, चर्चमध्येही जातो, पण ते अगदी ओझरतं. मला हे पुस्तक आवडतं. पण स्क्रूजला भूत दिसावं लागतं आणि स्वतःची कबर बघावी लागते, तेव्हा तो द्यायला लागतो. ‘मेसाया’च्या पहिल्या प्रयोगाचे पैसे कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि डब्लिनच्या दोन रुग्णालयांसाठी गेले, १४२ कैदी सुटल्याची नोंद आहे. पुढे हँडेल लंडनच्या अनाथ मुलांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी तो सादर करत राहिला. देवाचा गौरव आणि कैद्याची सुटका यांतलं एकच निवडा, असं त्या श्रोत्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लूककडे आणखी एकदा बघा. अध्यायाच्या पहिल्या वाक्यात सम्राट माणसं मोजतो आहे. देवदूत निघून गेल्यावर गोठ्यात जाऊन परतणारे मेंढपाळ देवाचा गौरव करत जातात. देवदूतांचं काम आता त्यांनी घेतलेलं असतं; ज्यांची समाजात फारशी गणती नव्हती अशा लोकांनी. (जेनन्सने हेही गाळलं. त्याच्यावर माझा हा दुसरा राग.) व्हिसा, फॉर्म, वार्षिक मूल्यमापन आणि प्रत्येक अर्जासोबत स्वतःच लिहायची स्वतःची स्तुती यांत ज्यांचं वर्ष जातं, त्या आपल्यासारख्यांना मोजलं जाणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक आहे. मोजणाऱ्याचा शब्द शेवटचा नाही, त्याच्याहून जड काही आहे, हे मोकळ्या रानात मोठ्याने गाता येणं ही कदाचित त्या शांतीची सुरुवात असेल.

या डिसेंबरात ‘मेसाया’ला गेलात तर सगळे ‘हालेलुया’ची वाट बघत असतील. तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो आणि त्याचा विषय नाताळ नाहीच. तुम्ही मेंढपाळांपाशी कान द्या. कोरस जेमतेम दोन मिनिटांचा आहे. शेवटी गायक थांबतात आणि वाद्यं विरळ, हळू होत जातात, थवा लांब उडून जावा तशी. काही संचालक एवढ्यासाठी ट्रम्पेटवाल्यांना बाल्कनीत किंवा पडद्यामागे उभं करतात. म्हणून जागा शक्यतो वरची घ्या. तिकीटही स्वस्त असतं.