चापूच्या वडिलांचं नाव

जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकाला मलिक अंबरचं तुटलेलं मुंडकं, आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. अबुल हसननं १६१६च्या सुमारास रंगवलेलं हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. यातलं काहीच घडलं नाही. अंबर १६२६ साली म्हातारा होऊन मेला.

हे खोटं दाखवून द्यायला आपल्याला फार आवडतं. नगरजवळच्या भातवडीला १६२४ साली त्यानं तलाव फोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला, हे तर सगळेच सांगतात. गनिमी कावा, जमीनमहसूल, खडकीची नहर, सगळं येतं. तरी मराठीतलं अंबरवरचं बहुतेक लेखन एका जागी जहांगीरच्या चित्रकारासारखंच वागतं. 'इथिओपियातून आणलेला हबशी गुलाम' एवढ्या एका वाक्यात त्याचा देश संपतो आणि माणूस थेट बाजारात उभा राहतो. देश म्हणजे फक्त कातडीचा रंग. काळ्या पोराला चिडवायला 'हबशी' हा शब्द आपल्याकडे अजून चालतो, तो उगाच नाही.

त्या देशात माणसं राहतात कशी? तिथे आडनाव नसतं. आपलं नाव, पुढे वडिलांचं, संपलं. आपण मधे लिहितो, ते शेवटी. दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. घटिका-प्रहर मोजणाऱ्या आपल्या पणज्यांना यात काही विचित्र वाटलं नसतं. वर्षाचे महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली इंजेरा आंबोळीची बहीण शोभावी, फक्त ताटभर मोठी. सगळे एकाच ताटात जेवतात आणि आपल्या हातानं दुसऱ्याला घास भरवतात. त्याला गुर्शा म्हणतात. नको म्हणणं बरं दिसत नाही. आपल्याकडे हे लग्नाच्या पंगतीपुरतं उरलंय, तेही फोटोसाठी.

आजच्या ताटावरून सोळाव्या शतकातलं घर उभं करता येत नाही, मान्य. पण प्रश्न तरी विचारता येतात. अंबरचं मूळ नाव चापू असं सांगतात. 'अंबर' हे विकत घेणाऱ्यानं ठेवलेलं. काफूर, याकूत यांसारखं, माणसाला सुगंधी द्रव्याच्या किंवा रत्नाच्या नावानं हाक मारायची जुनी रीत. नाव बदललं तेव्हा त्यामागचं वडिलांचं नावही गेलं. नगरला त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः हबशी होता, एके काळचा गुलाम. हे दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलले असतील? आपल्या कादंबऱ्यांतून आणि चरित्रांतून हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आलेला नाही. मालकाची दूरदृष्टी मात्र पानभर असते.

अंबरचं पुढचं चरित्र लिहील त्यानं पहिलं प्रकरण बाजारात सुरू करू नये. १५२९ ते १५४३ या काळात इथिओपियाचे ख्रिस्ती राजे आणि अदलची सल्तनत यांच्यात युद्ध पेटलं होतं. एका बाजूला पोर्तुगीज बंदुका, दुसऱ्या बाजूला तुर्की. गावं उजाड झाली, माणसं धरून विकली गेली. ते संपल्यावर पाचेक वर्षांनी, १५४८च्या आसपास, तिथल्या एका घरात चापू जन्मला.