स्किलेसला कुणी मारलं?

हेरोडोटसने चौथ्या खंडात स्किलेस या शक राजाची गोष्ट सांगितली आहे. इ.स.पू. पाचवं शतक, काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ मुलूख. राजाची आई इस्त्रियाची ग्रीक. तिनेच त्याला ग्रीक भाषा नि लिपी शिकवली. हा राजा सैन्य ओल्बियाच्या वेशीबाहेर ठेवायचा, आत जाऊन ग्रीक कपडे चढवायचा, महिना-महिना राहायचा. पुढे त्याने डायोनिससची दीक्षा घेतली, शकांनी ते पाहिलं आणि बंड झालं. भाऊ ऑक्टामासादेस याने त्याचा शिरच्छेद केला.

हेरोडोटसचं तात्पर्य असं, की शकांना परके रीतिरिवाज खपत नाहीत. इथे माझा आक्षेप आहे. त्यानेच दिलेला तपशील नीट वाचा ना! ऑक्टामासादेसची आई कोण? थ्रेसचा राजा सिताल्केस, त्याची बहीण. म्हणजे परकी आई दोघांचीही होती. स्किलेस थ्रेसला पळाला, तर सिताल्केसने त्याला भाच्याच्या हवाली केलं आणि बदल्यात स्वतःचा फरारी भाऊ मागून घेतला. हा सोयरिकीचा नि सत्तेचा व्यवहार झाला. दीक्षेने ठिणगी पडली असेलही. पण सरपण आधीच रचलेलं होतं.

हेरोडोटस काही लपवत नाही, हे त्याचं मोठेपण. फक्त तात्पर्य तो आधी ठरवतो, गोष्ट नंतर सांगतो.

इस्त्रियाजवळ एक सोन्याची अंगठी सापडली आहे. तिच्यावर स्किलेसचं नाव आहे, आईने शिकवलेल्या लिपीत.