नेमणुकीवरचा जादूगार

अद्‌भुतरम्य कादंबरी म्हटली की सुशिक्षित मराठी वाचक ती मुलांच्या हाती देऊन मोकळा होतो. अर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) ही कादंबरीही कुमारांसाठीच लिहिली गेली. तथापि तिचे पाचवे प्रकरण, परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपणांसारख्या प्रौढांनी अवश्य वाचावे.

कथानायक गेड हा रोक बेटावरील जादूविद्येच्या पीठातला अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी. गर्वाच्या भरात मृतात्म्याला आवाहन करताना त्याच्या हातून एक अनामिक छाया जगात मोकळी सुटते, आणि त्या प्रसंगी वृद्ध महागुरू प्राणांस मुकतात. शिक्षण पुरे झाल्यावर गेडची नेमणूक होते ती लो टॉर्निंग या आडबाजूच्या बेटांवर. तेथे कोळ्यांची वस्ती. वैभव नाही की कीर्ती नाही. पेंडॉर बेटावर ठाण मांडून बसलेल्या ड्रॅगनांचे भय वाटू लागले म्हणून लोकांनी जादूगार मागितला, एवढेच.

लेखिकेचे सामर्थ्य येथे दिसते. होड्यांना संरक्षक मंत्र घालणे, आजाऱ्यांना उपचार करणे, हे गेडचे नित्याचे काम. होड्या बांधणारा पेचव्हॅरी त्याचा मित्र होतो. या मित्राचे मूल तापाने मरू लागते, तेव्हा ‘जाणाऱ्या जीवाला जाऊ द्यावे’ ही गुरूंची शिकवण बाजूस सारून गेड मृत्यूच्या सीमेपलीकडे जातो. मूल वाचत नाही. परतताना ती छाया मात्र त्याची वाट अडवून उभी असते. नियम प्रेमापोटी मोडला तरी त्यातले सत्य बदलत नाही, हे लेखिका उपदेशाचा एकही शब्द न वापरता सांगते.

आता तेथे राहणे अशक्य होते. पण गेड नुसता निघून जात नाही. ज्या कामासाठी नेमणूक झाली ते पुरे करण्यासाठी तो एकटा पेंडॉरला जातो, आणि जुन्या इतिहासाच्या आधारे वृद्ध ड्रॅगनचे खरे नाव ओळखतो: येव्हॉड. अर्थसीत खरे नाव कळणे म्हणजे सत्ता हाती येणे. येव्हॉड छायेचे नाव सांगण्याचे आमिष दाखवितो. एका पारड्यात स्वतःची सुटका, दुसऱ्यात कोळ्यांची सुरक्षितता. ड्रॅगनांनी बेटांकडे कधीही येऊ नये, अशीच शपथ गेड घेववितो.

उणीव आहे ती गावाच्या चित्रणात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) तरुण मास्तरही असाच आडगावी नेमला जातो; पण तेथे वाडीच कादंबरीचा प्राण आहे. दुष्काळाने ती उठते, तेव्हा वाचकाचेही काही हरपते. लो टॉर्निंग मात्र गेडने पाठ फिरविताच विस्मरणात जाते. पेचव्हॅरीच्या घरातील दुःखाचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची उत्सुकता अतृप्तच राहते.

असे असूनही या प्रकरणाचे मोल कमी होत नाही. बदलीचे गाव आपले केव्हा होते? तेथे वर्षे काढल्याने नव्हे. त्याचे हित आणि आपला लाभ यांतून एकाची निवड करण्याची वेळ येते, आणि आपण गावाचे हित निवडतो, तेव्हा. मग दुसऱ्या दिवशी निघावे लागले तरी हरकत नाही.