रानाचें सत्तांतर

मराठी वाङ्मयांत अरण्याचीं वर्णनें विपुल आहेत. अरण्याचा इतिहास मात्र क्वचित् आढळतो. या दोहोंतील अंतर किती मोठें आहे, हें शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ पुन्हां वाचतांना आम्हांस जाणवलें. डोक्यावर पर्जन्यवृक्षाची सावली होती. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यासमोरून गेलें आणि शहरांतील शेंकडों झाडें उन्मळून पडलीं. तेव्हांपासून अशा सावलींत पूर्वीच्या निर्धास्तपणें बसवत नाहीं. आणि तिच्याखालीं उघडलेलें पुस्तकही पूर्वीसारखें वाचलें जात नाहीं.

‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचें हें निसर्गदर्शन मराठी ललित गद्याचें भूषण आहे, याविषयीं दुमत नसावें. परंतु ग्रंथाच्या नांवांतच एक गृहीत दडलेलें आहे. चाक फिरतें, पण आंस ढळत नाहीं. पानगळ झाली तरी पालवी यावयाचीच, हा तो विश्वास. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या छोटेखानी कादंबरींत तोच विश्वास वेगळ्या रूपानें भेटतो. वानरांच्या टोळींत जुना नायक पदच्युत होतो, नवा येतो, रक्त सांडतें. पण हें सारें ज्या रानांत घडतें, तें रान रंगभूमीसारखें मागें अचल उभें असतें. राज्य बदलतें, भूमि बदलत नाहीं.

आतां भूमीच बदलूं लागली आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन-मुरूडकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, फणसाडच्या अभयारण्यांतील झाडेंही कोसळलीं. वर्ष पुरें होण्यापूर्वींच ‘तौक्ते’ आलें. पाठोपाठ जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास एका दिवसांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच सुमारास पाटण तालुक्यांतील आंबेघर व मिरगांव, तसेंच महाड तालुक्यांतील तळिये या गांवांवर डोंगर उतरून आला. अरबी समुद्राचें पाणी तापत आहे, हें यामागील एक मोठें कारण. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांच्या गणनेप्रमाणें, १९८२ ते २००० या काळाच्या मानानें २००१ ते २०१९ या काळांत या समुद्रांतील चक्रीवादळें ५२ टक्क्यांनीं वाढलीं.

यावर कोणी म्हणेल कीं, वादळ, वणवा आणि दरड हीं रानास नवीं थोडींच आहेत? आक्षेप खरा आहे, म्हणूनच विचारार्ह आहे. मोठा वृक्ष पडला म्हणजे वरचें छत फाटतें, ऊन जमिनीस पोंचतें आणि सावलींत खुंटलेलीं रोपें उसळून वर येतात. कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलून मरते व बीजरूपानें पुन्हां उगवते. बांबूचें बेट कित्येक दशकांनीं फुलोरा येऊन वाळतें. म्हणजे आघात हा रानाच्या जीवनक्रमाचाच भाग होय. खरा प्रश्न आहे तो दोन आघातांमधील अवकाशाचा. वृक्ष घडण्यास दशकें लागतात. तेवढ्या अवधींत दुसरा आणि तिसरा घाव बसला, तर मोकळ्या झालेल्या जागेंत वृक्षाऐवजीं रानमोडी व घाणेरी माजतात. उन्हाळ्यांत त्या वाळल्या कीं वणव्यास सरपण मिळतें, वणव्यांत उरलींसुरलीं रोपें जळतात, आणि पावसाळ्यांत पुन्हां त्याच फोफावतात. हेंही एक चक्रच. मात्र त्यांतून रान परत येत नाहीं. अमेरिकेंतून आलेल्या एका झुडपास आमच्या लोकांनीं ‘रानमोडी’ म्हटलें. त्या एका शब्दांत अरण्याचा जेवढा इतिहास आहे, तेवढा आमच्या पुष्कळशा ललित लेखांत मिळून सांपडणार नाहीं.

मग ‘ऋतुचक्र’ आतां केवळ गतकाळाची गोडी म्हणून वाचावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दुर्गाबाईंचें सामर्थ्य चक्राच्या कल्पनेपेक्षां त्यांच्या नजरेंत अधिक आहे. कोणतें झाड केव्हां फुलतें, केव्हां निष्पर्ण होतें, हें त्या महिन्याचें नांव घेऊन सांगतात; आणि असा लेखक नकळत पुढील पिढीच्या हातीं मोजपट्टी देऊन जातो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्यांत आयुष्य वेंचून रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा केले, त्यांचेंही मोल असेंच वाढत जाणार आहे. तरीही एक उणीव दाखविणें टीकाकाराचें कर्तव्य आहे. ‘ऋतुचक्रा’ंत महिना ठळक आहे, साल पुसट आहे. त्यांतील चैत्र हा कोणत्याही वर्षाचा चैत्र आहे. ज्या काळीं सगळे चैत्र सारखे वाटत, त्या काळीं हें शोभून गेलें. आज नुसत्या महिन्यावर भागत नाहीं. वर्णनास महिना पुरतो. इतिहासास साल लागतें.

यापुढें रानावर लिहिणाऱ्यांकडून आम्ही विलापाची अपेक्षा करीत नाहीं. आंबेघरच्या उघड्या पडलेल्या उतारावर पहिल्यानें कोणतें गवत आलें, दुसऱ्या वर्षीं काय टिकलें, फणसाडांत पडलेल्या वृक्षाच्या जागीं आज काय उभें आहे, एवढें सालवार लिहून ठेवणारा गद्यलेखक मराठीस हवा आहे. शिवाजी पार्कवर कोणी कोणत्या सालीं किती धावा काढल्या, हें कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींस मुखोद्गत असतें. या मैदानाच्या कडेचें कोणतें झाड कोणत्या सालीं गेलें, हें आम्ही तेथें दोघा-तिघांस विचारून पाहिलें. झाड सर्वांस आठवत होतें. साल एकासही सांगतां आलें नाहीं.